दशकाचे गठ्ठे

नेरूळच्या एका शाळेत मी सात वर्षं तिसरीचा वर्ग घेतला आणि सातही वर्षं एकक-दशक शिकवताना मेटाकुटीला आले. फळ्यावर बेचाळीस लिहिले की मुलांना त्यात एक चार आणि एक दोन दिसायचा. त्या चारात चाळीस दडलेत हे त्यांना पटत नसे. आणि खरं सांगायचं तर दुपारच्या पाळीत, तापलेल्या पत्र्याखाली साठ पोरांपुढे उभं राहून ते पटवत बसण्याचं त्राण माझ्यातही उरत नसे.

साधनं नव्हती असं नाही. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत शाळेला वरून एक पेटी आली होती. रंगीत मणी, दहा-दहाच्या माळा, शंभर चौकोनांच्या पाट्या, सगळं होतं. पण पेटीची नोंद साहित्याच्या वहीत झालेली, आणि एक मणी हरवला तरी तो वर्गाच्या बाईंनी भरून द्यायचा, असा मुख्याध्यापकांचा दंडक. त्यामुळे पेटी त्यांच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या खिशात. तपासणीला साहेब आले की पेटी वर्गात यायची, मुलं हाताची घडी घालून तिचं दर्शन घ्यायची, साहेब गेले की ती पुन्हा कपाटात. मी दोनदा मागून पाहिली. तिसऱ्यांदा तोंडाची वाफ दवडली नाही.

मग जुईनगरच्या बाजारातून दोन खराटे आणले आणि घरी बसून अडकित्त्याने त्यांच्या काड्या बोटभर लांबीच्या कापल्या. "नोकरी शिक्षिकेची की झाडूवाल्याची?" असं नवरा म्हणाला. हसायचीही ताकद नव्हती. सुटी काडी म्हणजे एकक, दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे दशक. एवढं सोपं साधन, पण गठ्ठे बांधायचे कुणी? माझ्या डोक्यावर तेव्हा मतदारयाद्यांचं काम होतं. वर्ग सुटला की दारोदार फिरायचं आणि लोकांना त्यांच्या आजोबांची नावं विचारायची.

वर्गात सारसोळ्याची एक मुलगी होती. तिसरीतच दुसऱ्यांदा बसलेली, अबोल, पण हाताने चपळ. तिची आई मासळी विकायची. जूनमध्येच ती मला सांगून गेली होती, "बाई, यंदा पास झाली तं चौथीत जाईल. नाय तं माझ्यासंगती बाजारात बसेल. घरात अजून दोन हायत मागं." त्या मुलीला वर्गात काहीतरी मान मिळावा म्हणून काड्यांचं काम मी तिच्याकडे दिलं. म्हटलं, दहा-दहाचे गठ्ठे बांध. तिने घरून जाळ्याचा दोरा आणला आणि दोन दिवसांत चाळीस गठ्ठे बांधले. गाठी अशा की तिच्याशिवाय कुणाला सुटू नयेत. मी भर वर्गात तिची पाठ थोपटली. मोजून मात्र पाहिलं नाही.

काड्यांनी काम सोपं झालं. बेरजा, संख्या दाखवणं, सगळं झटपट व्हायचं. फक्त वजाबाकीत गठ्ठा सोडायची वेळ आली की उत्तरं चुकायची. "नीट मोज," मी खेकसायचे. "लक्ष कुठंय?" हुशार मुलं लवकरच काड्या बाजूला सारून घरी शिकवल्याप्रमाणे हातचा घ्यायला लागली. सुटका झाली, असं मला वाटलं. ती मुलगी मात्र काड्यांवरच राहिली. तिचा त्या काड्यांवर विश्वास होता.

वार्षिक परीक्षेत तिला लेखी जमेना, म्हणून मी तिला काड्या घेऊन तोंडी उत्तरं द्यायची मुभा दिली. बेचाळीसातून सतरा वजा करायचे होते. तिने चार गठ्ठे आणि दोन काड्या मांडल्या, एक गठ्ठा सोडला, सतरासाठी एक गठ्ठा आणि सात सुट्या काड्या बाजूला काढल्या आणि उरलेले गठ्ठे-काड्या मोजल्या.

"सव्वीस."

"परत मोज."

तिने परत मोजलं. "सव्वीसच, बाई."

मी फुली मारली. पुढच्या वजाबाक्यांचंही तसंच झालं, प्रत्येक उत्तर एकाने जास्त. एकाने, दरवेळी एकानेच. पहिल्या दोन फुल्यांनंतर कुठल्याही जाग्या मास्तरणीला संशय यायला हवा होता. मी घड्याळाकडे बघत होते. मुलगी नापास झाली.

जूनमध्ये नवा वर्ग आला. गाठी सोडायला ती नव्हती, म्हणून मी ब्लेडने दोरा कापला आणि मुलांसमोर मोठ्याने मोजू लागले. दहा झाल्या आणि हातात एक काडी उरली. दुसरा गठ्ठा कापला. त्यातही अकरा. मुलांना पाढे लिहायला सांगून मी खाली बसले आणि चाळीसच्या चाळीस गठ्ठे कापले. एकही दहाचा नव्हता.

त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. निकालपत्रक वर गेलंय, ते म्हणाले, आता काही होत नाही. मी फार हुज्जत घातली नाही, याची मला आजही शरम वाटते. दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात गेले. मायलेकी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मुलगी कुणाला तरी बोंबील मोजून देत होती. दहा मोजले आणि न थांबता, न बघता अकरावा टाकला.

"हे काय?" मी आईला विचारलं.

"दहा म्हंजे असंच, बाई. वरचा एक द्याचाच असतो. नाय तं गिऱ्हाईक परत येल का?"

मी तिला सगळं सांगितलं. चूक माझी होती, पोरीची नव्हती, तिला पुन्हा शाळेत पाठवा, असंही म्हटलं. तिने हात पुसले. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तिसऱ्यांदा तिसरीत बसवू तिला?" ती म्हणाली. "पोरं हसतील. बसते हितं, शिकल."

मी मुलीकडे वळले. "तुझं मोजणं बरोबर होतं गं," मी म्हणाले. "तुझ्या गठ्ठ्यांनी सव्वीसच येत होते."

तिने मान वर केली. तिला नवल वाटलं नाही. तिने तर दोनदा मोजलं होतं.

"मंग बाई, पास का नाय केलंत?"

मी दमले होते, एवढंच खरं कारण होतं. ते त्या पोरीला सांगायचं धैर्य मला झालं नाही.