बिनबोलावण्याचा दिवस

चाचाक गावाच्या बाजारपेठेमागे देसांकाचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. तिथे वेळ ठरवल्याशिवाय गेलेल्या बाईला ती दारातूनच परत पाठवते, मग ती नगराध्यक्षांची बायको असो नाहीतर कोपऱ्यावरची मासेवाली. सगळं विचारून, ठरवून करायचं, हा तिचा स्वभाव. आयुष्यात एक लग्न तेवढं तिने कोणाला न विचारता केलं आणि ते सात वर्षांत मोडलं. नवरा क्राल्येवोला आपल्या आईकडे परत गेला आणि जाताना टीव्हीबरोबर आपली स्लावाही घेऊन गेला.

टीव्हीबद्दल देसांका बोटं मोडायची, स्लावाबद्दल नाही. ती त्याचीच होती. प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, त्या संताच्या दिवशी घरात मेणबत्ती, गोल पाव आणि साखर-अक्रोड घालून उकडलेले गहू मांडायचे, दार उघडं ठेवायचं, हा इकडचा कुळाचार, तीच स्लावा. तो बापाकडून मुलाकडे जातो. मुलगी लग्न होईपर्यंत बापाचा पाळते, नंतर नवऱ्याचा. घटस्फोट झालेल्या बाईने कोणाचा पाळायचा, या प्रश्नात गावातले पाद्रीबाबाही पडत नाहीत.

तिचा बाप रादिसाव. चाचाक ते गुचा या रस्त्यावर उभा जन्म बस चालवलेला माणूस. घराण्याचा संत लुका, दिवस ऑक्टोबरचा शेवटचा. मुलगा नव्हता, एकटी देसांकाच. म्हणजे लुका त्याच्याबरोबरच संपणार होता. त्यावर तो कधी चकार शब्द बोलत नसे. दरवर्षी ठेवणीतला कोट झटकायचा, मेणबत्ती पेटवायची आणि दाराशी उभं राहायचं, बस्स. ब्याऐंशीव्या वर्षी त्याचं खुब्याचं हाड मोडलं. देसांकाचं घर चौथ्या मजल्यावर आणि इमारत अशा काळातली की लिफ्टची जागा ठेवली, लिफ्ट मात्र बसवायची राहून गेली. महिनाभर तो घरात कोंडल्यासारखा राहिला आणि मग स्वतःच म्हणाला, "मला बिसेनियाबाईंकडे टाक. तिथे सगळं तळमजल्यावर आहे."

बिसेनियाबाई डॉक्टर. त्यांचा वृद्धाश्रम नदीकाठी होता. टापटीप बेताचीच, कधी औषधाला उशीर व्हायचा, कधी गरम पाणी नसायचं. पण लुकाच्या दिवशी बाई स्वतः जेवणघरातलं लांब टेबल मोकळं करून द्यायच्या. स्वयंपाकीण मोठ्या पातेल्यात सार्मा शिजवायची, कोबीच्या पानात खिमा गुंडाळून, आणि सकाळपासून गुच्याच्या रस्त्यावरची माणसं येत राहायची. फाटकाला कडी नव्हतीच. तीन वर्षं अशी सुखात गेली.

मग बाईंना मुलाकडे जायचं झालं आणि त्यांनी आश्रम विकला.

नव्या कंपनीने सगळ्या घरच्यांना बोलावून सभा घेतली. फळांचा रस होता, छोटी बिस्किटं होती, आणि एक तरतरीत मॅनेजर होता. तो म्हणाला, "तुमच्या माणसांसाठी काहीही बदलणार नाही." देसांकाने शेजारच्या बाईकडे पाहिलं. ‘फक्त टोकं कापते हं’ असं म्हणून खांद्यापर्यंतचे केस कानापर्यंत आणणाऱ्या न्हाविणी तिने धंद्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. एका गृहस्थाने विचारलं, पैसे वाढणार का. एका मुलीने विचारलं, रात्रपाळीच्या दीदी राहणार का, आई त्यांच्याच हातचं खाते. मॅनेजरने दोन्ही प्रश्नांना तेच हसू दिलं. परतताना सगळे बसथांब्यावर उभं राहून पुटपुटत होते, पण आत त्यापुढे कोणी तोंड उघडलं नव्हतं. आपलं माणूस ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी वाकड्यात कोण शिरणार?

बदल झाले, आणि खरं सांगायचं तर सगळे वाईट नव्हते. चादरी रोज बदलू लागल्या. औषधं वेळेवर मिळू लागली. गरम पाणी आलं. स्वयंपाकीण गेली, जेवण गाडीतून डब्यात येऊ लागलं. दोन म्हाताऱ्या जेवेनाशा झाल्या, त्यातल्या एकीला तिच्या मुलाने घरी नेलं. फाटकाला कडी आली आणि कडीबरोबर नियम आला: भेटायला येणाऱ्यांची नावं दोन दिवस आधी कळवायची. आणखी एक नियम, ज्योत कुठलीही चालणार नाही. यात तरी काय खोटं होतं? झोपाळलेली ऐंशी वर्षांची माणसं आणि पडदे नवे.

नियम देसांकाला पसंत पडला. ती स्वतः तशीच चालणारी. ऑक्टोबर संपत आला तेव्हा ती वडिलांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "बाबा, या वर्षी कोण कोण येणार ते सांगा. फाटकावर नावं द्यायची आहेत."

रादिसाव खिडकीपाशी दाढी करत होता. त्याने आरशातूनच विचारलं, "कशाला?"

"नाव नसेल तर आत सोडत नाहीत."

"मला काय ठाऊक कोण येणार? लुकाला कोणी कोणाला बोलावतं का?"

"बोलावायचं नाहीये. नुसती नावं."

"नाव दिलं म्हणजे वाट पाहिली. वाट पाहिली म्हणजे बोलावलं." त्याने वस्तरा पुसला. "बोलावणं लग्नाला करतात, पोरी. लुकाला ज्याला आठवतं तो येतो."

"आणि कोणीच नाही आलं तर?"

"तर मला कळेल," तो म्हणाला आणि उरलेल्या गालाला फेस लावू लागला.

म्हाताऱ्यापुढे डोकं आपटून उपयोग नव्हता. देसांकाने दोन दिवस विचार केला आणि मग आपल्या वळणावर गेली. सलून बंद करून तिने झिवादिनला फोन लावला. झिवादिन म्हणजे वडिलांच्या बसवरचा कंडक्टर, त्यांच्या लग्नातला साक्षीदार आणि तिचं नाव ठेवणारा. अशा माणसाला इकडे कूम म्हणतात. तो रक्ताचा नसतो, पण त्याचा शब्द सख्ख्या काकाहून जड.

"कूम, मी देसांका. लुकाच्या दिवसासंबंधी बोलायचं होतं."

पलीकडून दबलेल्या आवाजात, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं!" देसांका दचकली. तिच्या लक्षातच आलं नव्हतं. स्लावाच्या आधी फोन येतो तो एकाच कारणासाठी, घरात मयत झालंय, या वर्षी येऊ नका. "बाबा ठणठणीत आहेत. मी फक्त... तुम्ही येणार असाल तर... म्हणजे मी बोलावत नाहीये हं."

"बोलावत नाहीस."

"नाही. नाव हवं होतं."

"माझं? अगं, तुझं नाव मी ठेवलंय आणि तू मला नाव विचारतेस?"

"आश्रमात मालक बदललेत, कूम. आता पहिल्यासारखं नाही राहिलं. तिथे सगळं... कसं सांगू तुम्हाला."

झिवादिनने लांब श्वास घेतला. "कळलं, पोरी. काही सांगू नकोस. कळलं."

"बाकीच्यांनाही तुम्हीच सांगाल?"

"सांगतो."

देसांकाने सुटकेचा नि:श्वास टाकला. येतील अशा दहाबारा जणांची नावं तिने स्वतःच्या मनाने फाटकावर देऊन टाकली आणि वडिलांना अवाक्षर बोलली नाही.

लुकाच्या दिवशी ती सकाळीच पोचली. पाव तिने घरी भाजला होता, वर कणकेची पानं आणि द्राक्षं काढून. गहू शिजवले होते, लाल वाइन आणली होती. रादिसाव कोट घालून चार पायांच्या काठीला धरून जेवणघरात उभा होता. लांब टेबल आता नव्हतं, छोटी गोल टेबलं होती. त्यांतली दोन जोडून तियानाने जागा करून दिली. तियाना म्हणजे फाटकावरची पोरगी, वाईट नव्हती. तिने बॅटरीवरची मेणबत्ती आणून ठेवली. खाली कळ दाबली की लुकलुकायची.

रादिसावने ती हातात घेऊन उलटी करून पाहिली. "हिला फुंकर मारली तर विझते?"

"नाही आजोबा."

"मग हिला कसली भीती आणि कसला संत," म्हणून त्याने ती कोटाच्या खिशात टाकली.

तो बसला मात्र नाही. स्लावाला यजमान बसत नाही. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत तो त्यांच्या सेवेत उभा असतो. परिचारिका दोनदा खुर्ची घेऊन आली. दोनदा त्याने खुर्चीला हात लावून आभार मानले आणि उभाच राहिला. दुपार झाली. जेवणाचे डबे आले आणि गेले. फाटकाची घंटा वाजली की तो मान वळवायचा. एकदा औषधवाला होता, एकदा कोणाचीतरी सून. पाव अखंड होता, कारण तो कूमाबरोबर कापायचा आणि कूम आला नव्हता. म्हाताऱ्याची पोटरी थरथरताना तिला दिसत होती. त्या वेळी तिला नव्या मालकांचा नव्हे, गुच्याच्या रस्त्यावरच्या एकेका माणसाचा राग आला.

"मला कळलं," रादिसाव मध्येच म्हणाला.

पाच वाजता तियाना हळूच येऊन म्हणाली की भेटीची वेळ संपत आली. तेवढ्यात देसांकाचा फोन वाजला. शेजारीण झागोर्का होती.

"अगं कुठे उलथलीस? तुझ्या दारात जत्रा भरलीय! वाइनच्या बाटल्या घेऊन जिन्यावर बसलेत सगळे. मी कॉफी दिली, पण माझ्या घरात संत निकोला पाळतात, लुकाची माणसं मी कुठे ठेवू?"

"कोण बसलंय?"

फोन झिवादिनने ओढून घेतला असावा. तो अजून धापा टाकत होता. "चार मजले, देसांका! बापाला आश्रमात का टाकलंस ते आज समजलं. कुठे आहात तुम्ही?"

"आश्रमात! तुम्ही तिकडे कसे गेलात?"

"कसे म्हणजे? तूच नाही का फोन केलास? आश्रमात होत नाही हे तुझ्या तोंडून निघत नव्हतं, लाजत होतीस बिचारी. कोणी मेलंही नाही म्हणालीस. मग उरलं काय? घर. हे समजायला काय प्रोफेसर लागतो?"

देसांकाने फोन ठेवला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने वडिलांना सगळं सांगून टाकलं. फोन, नावं, जिना.

रादिसाव ऐकत होता. "तू फोन केलास," तो म्हणाला. "साठ वर्षांत या घराने कोणाला फोन केला नाही."

"चुकलं माझं. बाबा, कोट आहेच अंगावर, टॅक्सी बोलावते, चला."

"आणि चार मजले?"

"उचलून नेतील. दहाबारा जण आहेत."

"सगळे सत्तरीच्या पुढचे. माझ्याबरोबर आणखी चौघांना इथे भरती करावं लागेल." तो स्वतःशीच हसला. "जिना भरलाय म्हणालीस?"

"हो."

"तू त्यांना कुठे बोलावलं होतंस?"

"इथे."

"म्हणजे तिकडे न बोलावता आले."

ही गोष्ट त्याने मनात दोनदा घोळवून पाहिली. सकाळपासून पडलेला चेहरा उजळला. मग त्याने एका हाताने काठी धरून दुसऱ्या हाताने पाव फडक्यात गुंडाळायला घेतला. गव्हाचं भांडं, वाइन आणि खऱ्या मेणाची, पेटवू न दिलेली मेणबत्ती, सगळं तिच्या पिशवीत भरलं.

"जा. खोळंबलेत."

"मी जाऊन काय करू? यजमान तुम्ही."

"पाहुणे जिथे असतात तिथे यजमान असतो. आधी मेणबत्ती पेटव. पाव झिवादिनबरोबर काप, त्याला वाइन सांडू देऊ नकोस, तो दरवर्षी सांडतो."

"बाबा, मी मुलगी आहे."

"ते मला माहीत आहे. हाड मोडलंय, डोळे शाबूत आहेत."

तिला रडू फुटलं, आणि तियानासमोर फुटलं याचीही तिला लाज वाटली नाही. "आणि तुम्ही?"

"मी?" रादिसावने मागे हात नेऊन चाचपलं. तियानाने धावत जाऊन खुर्ची पुढे सरकवली. "मी आता बसतो."

आणि तो बसला. कोट घातलेल्या, दाढी केलेल्या त्या माणसाला लुकाच्या दिवशी बसलेलं देसांका जन्मात पहिल्यांदा पाहत होती.

टॅक्सीतून उतरून ती जिना चढू लागली तेव्हा तिसऱ्या मजल्यापासूनच माणसं होती. बायका भिंतीला टेकून, पुरुष पायऱ्यांवर, मांडीवर बाटल्या. वर तिच्या दाराशी झिवादिन कठड्याला धरून उठला, टोपी काढली आणि मोठ्यांदा म्हणाला, "स्लावा सुखाची होवो, यजमान!"

देसांका सवयीने बाजूला झाली आणि वडिलांना पुढे येऊ द्यायला मागे वळली. मागे उठून उभ्या राहिलेल्या पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या, आणि सगळे तिच्याकडे पाहत होते.