ताईंचे यजमान

बावीस वर्षांत गोदामकाकांना कुणी डोंगरावर बोलावलं नव्हतं, आणि त्यांच्या बायकोला तिसऱ्याच दिवशी बोलावलं. काकांचा खरा भूकंप तो. जमीन हलली तेव्हा ते एवढे हलले नव्हते.

मदतकार्य करणाऱ्या संस्थेचं गोदाम पायथ्याच्या गावात, बस स्टँडच्या मागे होतं. वर पत्रे, आत छतापर्यंत फळ्या. कुठे आग लागो, दरड कोसळो, सामान इथूनच निघे, आणि त्या सामानाचे राजे काका. एका गठ्ठ्यात एकच वस्तू, हा त्यांनी स्वतः घालून दिलेला नियम. ब्लँकेटांच्या गठ्ठ्यात ब्लँकेटंच, पातेल्यांच्या गठ्ठ्यात पातेलीच, आणि बांधणी इतकी घट्ट की हवेनेसुद्धा आत यायची परवानगी मागावी. पाहुणे आले की संस्थेच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, त्यांना हे गठ्ठे कौतुकाने दाखवत. "आमच्याकडे सगळं असं व्यवस्थित असतं," म्हणत. हे 'आमच्याकडे' म्हणजे मी, हे कुणाला कधी कळणार, या विचाराने काका कोपऱ्यात उभे राहून चरफडत.

भूकंपात डोंगरावरच्या दोन वस्त्या जमीनदोस्त झाल्या. रस्ता अर्ध्यातच तुटला होता, पुढे खेचरांशिवाय इलाज नव्हता. माणसं कमी पडली म्हणून काकू ब्लँकेटांच्या घड्या घालायला गोदामात आल्या. चौथी शिकलेल्या, घर सोडून कधी कुठे न गेलेल्या. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई घाईघाईने आत आल्या. "काका, वरच्या बायका आपल्या कार्यकर्त्या पोरांपाशी काय हवंय ते बोलत नाहीत, लाजतात," त्या म्हणाल्या. काकांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर चढवलीसुद्धा. "तेव्हा काकूंना पाठवू का?" बाईंनी विचारलं.

काकांनी टोपी परत खुंटीवर अडकवली.

मग एक दिवसाआड खेचरवाला खाली येऊ लागला आणि सामान भरता भरता ताईंचं, म्हणजे काकूंचं, गुणगान करू लागला. ताईंनी बाळंतिणीसाठी आडोसा केला. ताईंनी अबोल झालेल्या म्हातारीला बोलतं केलं. ताईंशिवाय वर पान हलत नाही. काकांच्या अंगाचा नुसता तिळपापड होई. घरी एकट्याने जेवताना घास घशाखाली उतरत नसे. विरह वगैरे काही नव्हतं. सरळ सरळ पोटदुखी होती, आणि तीही स्वतःच्याच बायकोबद्दल, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती.

अशातच काकूंची चिठ्ठी आली. 'एका घराचं सगळं सामान एकाच गठ्ठ्यात बांधा. ताडपत्री, दोरी, ब्लँकेट, पातेलं. पुढे वाट दुभागते. अर्धी खेचरं वरच्या वस्तीत जातात, अर्धी खालच्या.'

काकांनी ती दोनदा वाचली. म्हणणं रास्त होतं, हे त्यांना पहिल्याच वाचनात कळलं होतं. दुसऱ्यांदा वाचली ती फक्त चिडण्यासाठी. "आता ही मला गठ्ठे बांधायला शिकवणार!" मोठ्या बाईंनी सांगितलं असतं तर त्यांनी हूं की चूं न करता ऐकलं असतं. त्यांनी चिठ्ठी खणात टाकली आणि आपल्या नियमाप्रमाणेच गठ्ठे बांधले. पुढच्या खेचरांवर सगळ्या ताडपत्र्या, मागच्या खेचरांवर सगळ्या दोऱ्या.

दोन दिवसांनी खेचरवाला आला तो मान खाली घालून. वरच्या वस्तीला ताडपत्र्या पोचल्या होत्या, खालच्या वस्तीला दोऱ्या. दुपारी गारा सुरू झाल्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्याजणी ताडपत्रीची टोकं हातांनी धरून बसल्या. काकू दोऱ्यांची भेंडोळी डोक्यावर घेऊन तुटक्या वाटेने वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा गेल्या. दुसऱ्या खेपेत त्यांचा पाय मुरगळला.

"पण ताई म्हणजे ताई," खेचरवाला म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हणाल्या, चूक माझी, माझ्या लिहिण्यात गोंधळ झाला. कुणी ब्र काढला नाही हो."

काकांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं भलतंच. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून एवढी मोठी एकच गोष्ट घडली होती, आणि तिचंही श्रेय ही बाई घेऊन बसली! मग मुरगळलेला पाय आठवला आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी दिवसभर खपून एकेका घराचा एकेक गठ्ठा बांधला, आणि सकाळी कुणीही न बोलावता खेचरांबरोबर वर गेले. चढताना दम लागला, दोनदा खाली बसावं लागलं. वर पोचताच एकजण पुढे आला.

"तुम्ही ताईंचे यजमान ना?"

त्यांच्या हातात चहा आला, बसायला पोतं आलं. काका बसले नाहीत. "दोऱ्यांची चूक माझी," ते मोठ्याने म्हणाले. "हिची नाही. गठ्ठे मी बांधले होते."

मग एक आजी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बघा गं. बायकोवर एवढासुद्धा बोल येऊ देत नाही. नवरा असावा तर असा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बावीस वर्षं ज्या कौतुकासाठी काका झुरले ते असं भर दिवसा, चारचौघांत मिळालं, आणि त्यांना तोंड कुठे लपवू असं झालं.

काकू पाय पसरून साबणाच्या वड्या वाटत होत्या. घोट्याला फडकं बांधलं होतं. काका जवळ गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, माझ्यासाठी खोटं कशाला बोलता?"

"खोटं नाही."

"चिठ्ठीतलं माझं अक्षर लागलं नसेल तुम्हाला. चौथीचं अक्षर ते. मी तसंच धरून चालले."

नुसती मान हलवली असती तरी काका सुटले असते.

"अक्षर लागलं," ते म्हणाले. "स्वच्छ होतं."

"मग?"

"तू लिहिलं होतंस. म्हणून."

काकूंचा हात साबणावर थांबला.

"गारा पडत होत्या ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते, आमचे हे इथे असते तर असा गोंधळ झालाच नसता."