सासऱ्याचा हिरवा

पाचूबंदरला होडी रंगवणारी ती मुलगी मला एकदाच भेटली. कानामागे ब्रश, कोपरापर्यंत रंग. कलेच्या इतिहासात एम.ए. केलंय म्हणाली. माझ्या लेकीलाही तेच शिकायचं होतं, त्यावरून घरी आठवडाभर अबोला. म्हणून मी खोचकपणे विचारलं, "मग पुढे हेच का?"

"म्युझियममध्ये जुनी चित्रं दुरुस्त करते, काका. रविवारी होड्या."

दरवर्षी जुन्या रंगावरच नवा चढवायची इथली पद्धत. तिने मात्र आधी ब्लेडने निळा थर खरवडला. खाली लाल, त्याखाली हिरवा. होडीची म्हातारी मालकीण लगबगीने आली.

"अगो बाय, यो त माज्या सासऱ्याचा हिरवा!" ती त्यावरून हात फिरवत राहिली.

मुलगी माझ्याकडे वळून हसली. "काका, हे शिकलेय मी."

घरी पोचताच लेकीला म्हटलं, "आण तो अ‍ॅडमिशनचा फॉर्म."