न मिटणारी वही

सामंतांची वही आता मिटत नाही. टेबलावर ठेवली की तिचा वरचा पुठ्ठा अर्धवट उघडाच राहतो. वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते या वहीत विश्वातले सगळे कण एका सूत्रात बांधताहेत. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, म्हणून दर रविवारी ते वही घेऊन माझ्याकडे येतात.

मी चूक दाखवतो. सूत्रात इलेक्ट्रॉन बसतो, पण त्याचा जड भाऊ म्यूऑन बसत नाही. सामंत रागावत नाहीत. पुढच्या रविवारी त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असते, पट्टीवर नवा स्थिरांक असतो आणि म्यूऑन बिनतक्रार बसलेला असतो. या पट्ट्यांनीच वही फुगली आहे.

मोजून झालेले सगळे आकडे ती बरोबर सांगते. न मोजलेल्याबद्दल मात्र एक शब्द बोलत नाही. तिला चुकायला जागाच उरलेली नाही. आत उभं राहून चारही भिंती बांधाव्यात, काम सुबक व्हावं आणि दारच राहून जावं, तसं झालंय. पण हसू कुणाला? मुलाचा फोन येत नाही, तेव्हा "कामात असेल" ही माझीही पट्टीच.

काल न राहवून विचारलं, "कुठला आकडा चुकला, तर तुम्ही हे सोडाल?"

सामंतांनी पुठ्ठा तळहाताने दाबून धरला.

"सोडून जाऊ कुठं, सर?"

एका पट्टीचं टोक सुटत आलं होतं. मी डिंकाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.