आतल्या थरातलं लुगडं

नातवंड येणार हे कळलं तेव्हा आनंदाच्या आधी मला धास्ती वाटली ती विहीणबाईंची. त्या चंद्रपूरला शाळेत मास्तरीण. मी चिमूरकडची, चौथीतून शाळा सुटलेली. नवऱ्याला जंगलखात्यात शिपायाची नोकरी लागली म्हणून भामरागडला आले आणि वीस-बावीस वर्षं तिथेच राहिले. साल त्र्याऐंशी असेल, की चौऱ्याऐंशी. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आलेली, आणि नामकरणाला तिच्या सासरची माणसं येणार. त्यांच्यापुढे ठेवायला माझ्याकडे काय होतं? शिवायचा हात तेवढा बरा. मी बाळाचं दुपटं शिवायला घेतलं.

आमच्या घरांच्या ओळीत रीत अशी, की बाळाच्या दुपट्याला ओळखीच्या घरांतून जुन्या लुगड्यांचे तुकडे मागायचे. नवं कापड टोचतं. आणि ज्या घरचा तुकडा त्या घरची माया लागते म्हणतात. नामकरणाला बाया पाळण्याशी येतात आणि बाळ बघायच्या आधी आपला तुकडा शोधतात.

शेजारची बाई मी मागायच्या आधीच आली. तिचं घर नदीतल्या मासळीवर चाले. हीच माझी मुलगी झाली तेव्हा पूर होता, रस्ते बंद, नवरा नदीपलीकडे अडकलेला. परक्या गावात मी एकटी; ओरडायचीही लाज वाटत होती. ती कमरेइतक्या पाण्यातून आली. नाळ तिने कापली. पुढे आठ दिवस कण्या शिजवून मला घातल्या.

"घे बाई," ती म्हणाली. "माह्या लगनाच्या लुगड्याचा हाये. पोरीले म्या धरलं, आता तिच्या लेकराले हे धरंल."

"अवो, लगनाचं काऊन फाडलं?"

"मंग? मी का पुन्ना लगन करून राह्यली?"

दोघी हसलो. ती गेल्यावर मी तो हिरवा तुकडा उलगडला आणि मासळीचा वास आला. तिच्या घरात लुगडी आणि जाळी एकाच वाशाला टांगलेली असत. मी तुकडा सोड्यात धुतला, उन्हात टाकला, परत धुतला. वास गेलाही असेल, माझ्या नाकातून जाईना. डोळ्यांपुढे एकच यायचं: विहीणबाई दुपटं उचलतात, नाकाशी नेतात, आणि काही न बोलता खाली ठेवतात.

बाकी घरांचे तुकडे मी वर लावले, तो मात्र लावलाच नाही. दोन जुन्या सुती साड्यांच्या मधे भर म्हणून घातला आणि वरून दाट टाके मारले. शाळेत माझं तरट बाकी पोरींपासून हातभर लांब अंथरायला लावत. टाके घालताना मला तेच आठवत होतं. तरी हात थांबला नाही. दुपट्यातच तर आहे, असं मनाला सांगत शिवत राहिले.

नामकरणाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, खीर वाटली. विहीणबाईंनी दुपटं हातात घेतलं. "टाका किती बारीक हो तुमचा," म्हणाल्या. नाकाशी वगैरे काही नेलं नाही. बाळाला दुपट्यावर निजवलं आणि मग बाया पाळण्याशी आल्या. शेजारणीने ही बाजू पाहिली. कोपरा उलटून ती बाजू पाहिली. बाळाचा पाय अलगद उचलून खाली पाहिलं.

"बाई, माहा कुठी गेला?"

"मासे खाऊन गेले असतीन!" एकजण म्हणाली, आणि बाया हसल्या. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"मधात घातला," मी म्हणाले. "सगळ्यात मऊ तोच होता. सारं दुपटं त्याच्यावर हाये."

तिचा चेहरा असा उजळला, की मी खाली बघितलं. "आयकलं का वो?" ती बायांना म्हणाली. "तुमचे वरचे वर. माहा मधात हाये." मग तिने विहीणबाईंनाही बोलावून हे सांगितलं. विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती विचार करता हो तुम्ही." शिकलेल्या माणसाने टाक्याची नाही, माझी तारीफ केली ती आयुष्यात पहिल्यांदा.

मुलगी सासरी जायच्या आत दुपटं उसवून तो तुकडा वर घ्यायचा, असं मी ठरवलं. दोन दुपारी ब्लेड घेऊन बसले. पण शेजारीण रोज बाळाला बघायला यायची. उसवलेलं पाहून तिने विचारलं तर काय सांगू? दुपटं होतं तसंच चंद्रपूरला गेलं.

त्यानंतर काही दिवसांनी ती उरलेलं लुगडं घडी करून घेऊन आली.

"पोरीच्या दुसऱ्याच्या वेळी लागंल," म्हणाली. "असंच मधात घालजो, बाई."

मी दोन्ही हातांनी घडी घेतली. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं जिवाला झालं. तोंडातून निघालं ते एवढंच:

"बस ना वो, चहा मांडतो."