तात्यांनी माघारी वळवलेली नाव

शीडवाले तात्या कुणाच्याही रामरामाला लगेच उत्तर देत नसत. आधी मान सावकाश इकडेतिकडे वळवत. दोन्ही कानांत वारा सारखा वाजला, की तो थेट नाकासमोरून येतोय हे त्यांना कळे. मग म्हणत, "राम राम. बसा." नवख्याला वाटे, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आमचं गाव, आणि हायस्कूल पलीकडच्या काठावर. रस्त्याने जायचं तर भला मोठा वळसा, म्हणून आम्ही तात्यांच्या नावेतून शाळेला जायचो. नव्वदनंतर इतरांनी नावांना इंजिनं बसवली. तात्यांचं युरियाच्या गोण्या शिवून केलेलं शीड काही सुटलं नाही. "यंजिनाला डिझेल लागतं, वाऱ्याला निस्ती अक्कल," असं म्हणून ते इंजिनवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबवत.

मी आठवीत असताना त्यांनी शिडाचा दोर माझ्या हातात दिला. पोरीच्या हाती नाव दिली म्हणून नावेतल्या बाया कुरकुरल्या, पण तात्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ओढ बसू लागताच मी दोराचे दोन वेढे मनगटाला दिले. एरवी शांत असलेला हा माणूस अंगावर ओरडला, "सोड त्यो येढा! जोराचं वारं आलं तर दोर ढिला कराय यायला पायजे. न्हायतर नाव बी उलटंल आन् तू बी." घट्ट धरायचं, पण सोडता येईल असं धरायचं. पुढे संसारातही ते उपयोगी पडलं. दरवेळी जमलं असं मात्र नाही.

दहावीच्या गणिताच्या पेपरला आम्ही निघालो आणि समोरून वारा उठला. बघता बघता नावेत घोट्याएवढं पाणी आलं. तात्यांनी वल्ही थांबवली आणि नाव माघारी वळवली. मी रडले, त्यांच्या पाया पडले. "पेपर पुन्यांदा येईल, पोरी," एवढंच ते बोलले.

पेपर गेला. वडील म्हणाले, "असल्या पाण्यातनं पोरगी धाडायची न्हाय. शिकली तेवढं बास." आत्याने एक स्थळ आणलेलंच होतं. मुलाकडच्यांना होकाराचा निरोप धाडायचं ठरलं.

तिसऱ्या दिवशी तात्या आमच्या अंगणात आले. चारपाच माणसं बसलेली होती. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. "बापूराव, पाण्याला बोल लावू नका. वारं जाण्यासारखं व्हतं. मीच भ्यालो. ऑक्टोबरला पोरीला परीक्षेला बसवा. माझ्या नावंतनं नको, यंजिनाच्या नावंतनं धाडा."

वडील नको नको ते बोलले. ज्या माणसाने उभा जन्म पाण्यावर काढला, तो खाली मान घालून ऐकत राहिला. मी दारात उभी होते. नावेतलं पाणी मी पाहिलं होतं, आणि वारा ओळखायला याच माणसाने मला शिकवलं होतं. मी एक शब्द बोलले असते तर शाळा तिथेच संपली असती. मी बोलले नाही.

ऑक्टोबरात मी पास झाले. पण भ्यालेल्या नावाड्याच्या नावेत बसणार कोण? माणसं इंजिनाकडे वळली. वर्षभरात तात्यांनी नाव काठावर पालथी घातली.

कॉलेजसाठी बारामतीला निघताना मी त्यांना भेटायला गेले. "तात्या, तुमी खोटं का बोललात?"

"कवा?" ते म्हणाले, आणि होस्टेलवर भाकरी मिळती का ते विचारू लागले.

दुसऱ्या वर्षाला असताना ते गेल्याचं कळलं, तेही आठवड्याने. मी ग्रंथालयात जाऊन एका कोपऱ्यात खूप रडले.

आता वडीलही नाहीत. माझं शिक्षण थांबवणारं कुणी उरलेलं नाही. तरी गावात तात्यांचा विषय निघाला की कुणीतरी हसतं, "त्यो भित्रा म्हातारा व्हय?" आणि मी चहाचा कप उचलते. म्हणून आज लिहिते आहे. त्या दिवशी वारं जाण्यासारखं नव्हतं. तात्या भ्याले नव्हते. इतकी वर्षं भीत आले ती मी.