डोंगळ्यांवरची फवारणी

बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला उंच देठ येतात आणि वर पांढरे गोंडे फुलतात. आम्ही त्यांना डोंगळे म्हणतो. निमगाव सावाच्या आमच्या बांधावर आईच्या मधपेट्या होत्या, पलीकडे शेजारच्या काकूंचे डोंगळे. माश्या फिरल्या की काकूंचं बी भरायचं आणि पेट्याही जड व्हायच्या. वडील गेल्यावर आईने स्वतःचं म्हणून उभं केलेलं एवढंच होतं.

त्या वर्षी डोंगळ्यांवर फुलकिडे पडले. फवारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी शेतीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलो. फुलोऱ्यात फवारायचंच असेल तर दिवस मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्या की फवारा, असं पत्रक मीच गावभर वाटलं होतं. काकू ते हातात घेऊनच बांधावर आल्या.

“काय रं, हे तू लिवलंस व्हय? मग अंधारात पंप घिऊन तूच ये. वाकलेलं माणूस बिबट्याला शेळीच दिसतं. मी तर लई मऊ शेळी!”

आई हसली. मला हसू आलं नाही. नुकतंच त्यांच्या उसाच्या कडेने बिबट्याने कुत्रं नेलं होतं. चावडीच्या भिंतीवर दोन फलक शेजारी शेजारी होते. एक सांगायचा, फुलावरची फवारणी संध्याकाळीच करा. दुसरा सांगायचा, संध्याकाळनंतर शेतात एकट्याने जाऊ नका. फलक लावणाऱ्यांना स्वतःला त्यातलं एकही पाळावं लागणार नव्हतं. माझं पत्रकही त्याच भिंतीवर चिकटवलेलं होतं.

आमच्याकडे एक रिवाज आहे. फवारणारा आदल्या दिवशी सांगतो, माश्यावाला रात्री पेट्यांची दारं लावून घेतो. काकूंनी तो पाळला. “उद्या सकाळच्याला मारते, ताई. झाकून घे.” आईने रात्री दारं लावली, पहाटे पेट्यांवर ओली पोती टाकली.

दुपारी पोती वाळून कडक झाली. पेट्यांमधून नेहमीची गुणगुण नाही, एक सलग घोंघाट येत होता. आईने कान लावला.

“कोंडून मरत्याल. औषध वाळलं आसंल आता.”

“संध्याकाळपर्यंत थांब ना.”

“तुला आवाज ऐकू येतोय का न्हाई?”

तिने दारं उघडली. माश्या सरळ डोंगळ्यांवर गेल्या.

थोड्याच वेळात त्या परत येऊ लागल्या. पेट्यांपुढे पडून गोल फिरायच्या, जीभ बाहेर. आई एकेक उचलून दाराशी ठेवायची आणि आतल्या पहारेकरी माश्या त्या माशीला ओढून पुन्हा खाली टाकायच्या. आईने तरी उचलणं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दारांपुढे ढीग होते. आत राणी आणि मूठभर माश्या उरल्या. एवढ्यांनी अळ्यांना ऊब पुरेना. महिना संपायच्या आत सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या.

मला कोणाची तरी गचांडी धरायची होती. काकूंनी सांगितलं होतं, आईने झाकलं होतं. बांधावर धरण्याजोगं कोणी नव्हतं आणि ज्यांना धरायला हवं ते बांधावर कधी येत नाहीत.

काकूंच्या डोंगळ्यांवर आता एकही माशी फिरकत नव्हती. फवारणीच्याच आठवड्यात एका सकाळी काकू गोंड्यांवरून तळहात फिरवताना दिसल्या, एकाचा पराग दुसऱ्याला लावत.

“हातानं कितीसं व्हणार गं, ताई,” त्या आईला म्हणाल्या.

आई शेजारच्या सरीत शिरली आणि तीही गोंड्यांवरून हात फिरवू लागली. गोंड्यांना अजून औषधाचा वास होता. ऊन तापेपर्यंत दोघींची मिळून एक सरीही पुरी झाली नव्हती.